तक्त्यातील चित्राची जागा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने सुमारे बारा किलोमीटर गेले, की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. त्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले. समजा, एका शाळेने तेथे सहल नेली आणि परत आल्यावर मुलांनी संगणकावर पक्ष्यांचा तक्ता केला. पहिल्या रकान्यात पक्ष्याचे नाव, दुसऱ्यात छायाचित्र, तिसऱ्यात दिसल्याची वेळ आणि चौथ्यात संख्या. नावे ज्या क्रमाने पक्षी दिसले त्या क्रमाने आली: दयाळ, तांबट, कोतवाल, खंड्या. मग कोणी तरी सुचवले, की नावे अकारविल्हे लावू या. एक कळ दाबली आणि नावांचा क्रम कोतवाल, खंड्या, तांबट, दयाळ असा झाला. वेळा आणि संख्या नावांबरोबर गेल्या. चित्रे मात्र होती तेथेच राहिली. आता कोतवालासमोर दयाळाचे चित्र, खंड्यासमोर तांबटाचे, तांबटासमोर कोतवालाचे आणि दयाळासमोर खंड्याचे. चारांपैकी एकही चित्र बरोबर नाही, आणि तक्ता तर अगदी नीटनेटका दिसतो आहे!

पक्ष्यांच्या तक्त्यात ही चूक कोणाच्या तरी लक्षात येईल. पण हाच तक्ता दोनशे विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांचा असेल तर? एका मुलीच्या नावासमोर दुसरीचा चेहरा छापला जाईल. म्हणून प्रश्न असा, की संगणकाच्या तक्त्यात आकडा आपल्या घरात राहतो, मग चित्रच का राहत नाही? याचे उत्तर शोधायला आपल्याला संगणकाच्या आधीच्या काळात जावे लागेल. कारण तक्ता आणि चित्र एका कागदावर कसे नांदवायचे, हा प्रश्न छापखान्यांनाही पडला होता आणि त्यांनी त्याची दोन निरनिराळी उत्तरे काढली होती.

खिळा आणि शिळा

पहिले उत्तर खिळ्यांच्या छपाईचे. जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवतो, ओळींचे पान होते आणि पाने लोखंडी चौकटीत घट्ट आवळली, की फर्मा तयार होतो. या पद्धतीत प्रत्येक वस्तूला, अगदी दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेलाही, धातूचा तुकडा लागतो. तक्ता जुळवणे हे तर जुळाऱ्याच्या कसोटीचे काम. आकड्यांच्या मध्ये उभ्या रेघा बसवायच्या, रकाने सरळ ठेवायचे आणि सगळे मिळून चौकटीत घट्ट बसले पाहिजे.

चित्र छापायचे असेल तर त्याचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून लाकडावर ठोकत. इंग्रजी पद्धतीच्या छापखान्यात या ठशाची उंची खिळ्याइतकीच, म्हणजे ०.९१८ इंच (सुमारे २३.३ मिलिमीटर) असावी लागे. ठसा किंचित खाली राहिला तर त्याला शाई लागत नसे, वर आला तर कागद फाटत असे. म्हणजे येथे चित्र हेही एक मोठे अक्षरच होते. त्याला पानात हक्काची जागा होती. ठसा ठेवला की शेजारच्या खिळ्यांना सरकावे लागे, आणि फर्मा उचलला की ठसाही त्याबरोबर जाई.

दुसरे उत्तर शिळाछापाचे. १७९६ ते १७९८ या काळात बव्हेरियातील आलॉइस सेनेफेल्डर याने ही पद्धत शोधली. सपाट चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहायचे, मग दगड ओला करायचा. कोऱ्या भागावर पाणी टिकते आणि तेथे शाई चिकटत नाही. तेलकट रेघांवर ती चिकटते. येथे खिळे नाहीत, चौकट नाही. ज्या हाताने आकडे लिहायचे त्याच हाताने त्यांच्या शेजारी, वर किंवा आरपार चित्रही काढता येते. चित्राला पानात वेगळी जागा करून द्यावी लागत नाही. ते कागदावर मोकळे असते.

मराठी मुद्रणाच्या इतिहासात या दोन्ही वाटा स्पष्ट दिसतात. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छापील शाईत प्राण्याची चरबी असेल, ही लोकांची शंका घालवण्यासाठी त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगितले जाते. पंचांग म्हणजे तक्ताच. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांचे रकाने, आणि दर दिवसाला एक ओळ. देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा आणि आकडे यांची अशी दाटी खिळ्यांपेक्षा लेखणीने साधणे त्या काळी सोपे होते. पुढे देवनागरीचे सुबक खिळे तयार झाले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या पंचांगाने खिळ्यांचा तक्ताही किती देखणा होऊ शकतो हे दाखवून दिले.

हा फरक लक्षात ठेवावा. खिळ्याच्या पद्धतीत चित्र तक्त्याच्या *घरात* असते. शिळेच्या पद्धतीत ते तक्त्याच्या *वर* असते. संगणकाने यांपैकी कोणती वाट धरली, ते आता पाहू.

चित्र न दिसणारा तक्ता

संगणकावरचा पहिला लोकप्रिय तक्ता, ज्याला आपण स्प्रेडशीट म्हणतो, तो १९७९ साली बाजारात आला. त्याचे नाव व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत शिकत होता. फळ्यावर आखलेल्या तक्त्यात एक आकडा बदलला, की बाकीचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन याने ती आज्ञावलीत उतरवली. व्हिजिकॅल्कमध्ये ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. प्रत्येक घराला रकान्याचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक मिळून एक पत्ता होता.

मात्र ज्या ॲपल-२ संगणकावर तो चाले, त्याच्या पडद्यावर एका ओळीत चाळीस अक्षरे आणि अशा चोवीस ओळी मावत. पडदा म्हणजे जणू जुळाऱ्याची चौकटच होती. तेथे अक्षराशिवाय काही बसत नव्हते, आणि चित्राचा प्रश्नच आला नाही. येथे एक गोष्ट ठरून गेली, ती आजतागायत बदललेली नाही: रकान्याची रुंदी 'किती अक्षरे मावतात' यावरून मोजायची. तिच्याकडे आपण पुन्हा वळू.

जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले. त्यात आकड्यांवरून आलेख काढता येत असे. पण आलेख पाहायचा तर तक्ता पडद्यावरून नाहीसा होई आणि आलेख वेगळा दिसे. छापण्यासाठी तर निराळी आज्ञावली चालवावी लागे. तक्ता आणि चित्र एका घरातले असूनही त्यांची भेट होत नव्हती.

१९८४ मध्ये मॅकिंतॉश संगणक आला आणि पडदा अक्षरांचा न राहता ठिपक्यांचा झाला. आता अक्षर हेसुद्धा ठिपक्यांनी काढलेले चित्रच होते. १९८५ मध्ये मॅकिंतॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी एक्सेल आले. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत तक्त्यावरच रेघा, चौकोन आणि आलेख मांडण्याची सोय झाली. ही सोय कशी केली हे महत्त्वाचे आहे. घराची रचना मुळात आकडा, मजकूर किंवा सूत्र ठेवण्यासाठी झाली होती. तिच्यात चित्र बसवायचे तर सारे मोडून नव्याने बांधावे लागले असते. त्याऐवजी तक्त्यावर एक अदृश्य पारदर्शक कागद अंथरला गेला आणि चित्रे त्या कागदावर ठेवली गेली. म्हणजे संगणकाने शिळेची वाट धरली. आपल्या कर्नाळ्याच्या तक्त्यात नावे हलली आणि चित्रे राहिली, त्याचे मूळ येथे आहे. नावे खालच्या कागदावर होती, चित्रे वरच्या.

उलटा आलेख

या वरच्या कागदावर चित्राची जागा कशी सांगायची? दोन आकड्यांनी. डावीकडून किती आणि वरून किती. येथे गणिताच्या शिक्षकांना एक गंमत दिसेल. आलेखाच्या कागदावर आपण आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात किंवा मध्यभागी घेतो आणि य वर जाताना वाढतो. देकार्तच्या १६३७ सालच्या ग्रंथापासून विकसित होत आलेली ही पद्धत. संगणकाच्या पडद्यावर मात्र आरंभबिंदू *वरच्या* डाव्या कोपऱ्यात असतो आणि य खाली जाताना वाढतो.

हे असे का? जुन्या चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघे, एक ओळ डावीकडून उजवीकडे रंगवी, मग खालच्या ओळीवर येई. आपण पुस्तक वाचतो त्याच क्रमाने. ठिपक्यांची साठवणही त्याच क्रमाने झाली. चित्रनलिका गेल्या, पण मोजणीची दिशा राहिली. वर्गात आलेख शिकवताना हे उदाहरण द्यावे. अक्ष कोठे घ्यायचे आणि धन दिशा कोणती मानायची हा निसर्गाचा नियम नसून आपण केलेला करार असतो, हे त्यातून चांगले कळते.

मापांचा गोंधळ आणि ९१४४००

जागा सांगायची म्हणजे माप हवे. आणि तक्त्यात तर एकाच वेळी अनेक मापे नांदतात.

रकान्याची रुंदी अक्षरांत मोजतात, ही व्हिजिकॅल्कच्या काळाची आठवण. एक्सेलमध्ये अनेक वर्षे चालत आलेली रकान्याची मूळ रुंदी ८.४३ असते. याचा अर्थ ठरलेल्या टंकातील शून्य हा आकडा एका रकान्यात साधारण सव्वाआठ-साडेआठ वेळा मावतो. एका आकड्याची रुंदी सात ठिपके आणि कडांसाठी पाच ठिपके धरले, तर ८.४३ गुणिले ७ अधिक ५ म्हणजे सुमारे ६४ ठिपके होतात.

ओळीची उंची मात्र पॉइंटमध्ये असते. पॉइंट हे छापखान्याचे माप. अमेरिकी खिळ्यांच्या पद्धतीत एका इंचात सुमारे ७२.२७ पॉइंट बसत. संगणकाच्या युगात ते नेमके ७२ केले गेले. ओळीची मूळ उंची १५ पॉइंट. विंडोजमध्ये एका इंचाला ९६ ठिपके धरतात, म्हणून १५ पॉइंट म्हणजे २० ठिपके. पॉइंटचे ठिपके करायला चार-तृतीयांशाने गुणायचे, ठिपक्यांचे पॉइंट करायला पाऊणपट करायची.

त्यात कोणी सेंटिमीटर वापरतो, कोणी इंच. प्रत्येक रूपांतरात अपूर्णांक येतो, संगणक तो कोठे तरी छाटतो, आणि शेकडो ओळींनंतर चित्र दोन-चार ठिपके सरकलेले दिसते. यावर जो उपाय काढला गेला तो लघुतम साधारण विभाज्य शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आवडेल. एक इतके लहान एकक घ्यायचे, की इंच, सेंटिमीटर, पॉइंट आणि ठिपका ही सारी त्याच्या पूर्ण पटीत यावीत. एका इंचाचे ९,१४,४०० भाग केले. आता पाहा:

९१४४०० भागिले ७२ = १२७००, म्हणजे एक पॉइंट.
९१४४०० भागिले ९६ = ९५२५, म्हणजे एक ठिपका.
९१४४०० भागिले २.५४ = ३६००००, म्हणजे एक सेंटिमीटर.

कोठेही अपूर्णांक नाही. या संख्येचे मूळ अवयव पाडा: पाच वेळा २, दोन वेळा ३, दोन वेळा ५ आणि एकदा १२७. हा १२७ कोठून आला? १९५९ साली ब्रिटन, अमेरिका आदी देशांनी इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर असे ठरवले. २५४ म्हणजे दोन गुणिले १२७. ब्रिटिश फूटपट्टी आणि फ्रेंच मीटर यांचा समेट घडवायचा, तर १२७ या मूळ संख्येला सोबत घेण्यावाचून गत्यंतर नाही.

तीन नाती

वरच्या कागदावरचे चित्र आणि खालचे घर यांचे नाते काय असावे? येथे तीन शक्यता आहेत.

पहिली: चित्राचे दोन्ही कोपरे घरांना बांधायचे. घर सरकले तर चित्र सरकेल, ओळ उंच केली तर चित्रही ताणले जाईल. दुसरी: फक्त वरचा डावा कोपरा बांधायचा. चित्र घराबरोबर सरकेल, पण आकार बदलणार नाही. तिसरी: चित्र कशालाच बांधायचे नाही. खाली काहीही घडो, चित्र कागदावर जेथल्या तेथे.

हे समजायला भिंतीवरची दिनदर्शिका घ्यावी. पौर्णिमेच्या घरातले पूर्ण चंद्राचे चिन्ह त्या तारखेचे आहे. तारीख दुसऱ्या घरात गेली तर चंद्रानेही गेले पाहिजे. हे पहिले किंवा दुसरे नाते. महिन्याच्या माथ्यावरचे निसर्गदृश्य किंवा शाळेचे बोधचिन्ह मात्र कोणत्याही तारखेचे नाही, ते पानाचे आहे. त्याला तिसरे नाते योग्य. कोणते नाते योग्य हे संगणक ठरवू शकत नाही. चित्र कशाचे आहे, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते ठरवायचे.

ओळींचा क्रम बदलताना आणखी एक अट येते. चित्र आपल्या ओळीत पूर्ण मावलेले हवे. त्याची कड शेजारच्या ओळीवर गेली, की ते कोणत्या ओळीचे हा संशय उरतो आणि ते ओळीबरोबर जाईल याचा भरवसा राहत नाही. गाळणी लावून काही ओळी लपवल्या तरी असेच. फक्त एका कोपऱ्याने बांधलेली चित्रे ओळी लपल्यावर एकमेकांवर चढून बसतात.

मराठीपुरती आणखी एक अडचण होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा असली, तरी विंडोजमध्ये तिची नीट सोय २००० साली झाली. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, पुष्कळ कार्यालयांत असे टंक वापरले जात, की पडद्यावर 'क' दिसे पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असे. अशा तक्त्यात नावे अकारविल्हे लावली, तर क्रम भलताच येई. नावांचा क्रम चुकलेला आणि चित्रे जागेवरच, असा दुहेरी घोटाळा.

आज्ञावलीने चित्र बसवणे

चार चित्रे हाताने ओढून बसवता येतील, चारशे नाही. १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिक ही भाषा जोडली गेली आणि हे काम आज्ञावलीकडे सोपवता येऊ लागले. चित्र घालण्याच्या आज्ञेला पुढील गोष्टी सांगाव्या लागतात: चित्राची फाइल कोठे आहे, तिच्याशी फक्त दुवा ठेवायचा की नाही, चित्र तक्त्याच्या फाइलमध्येच साठवायचे की नाही, डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. शेवटची चार मापे पॉइंटमध्ये.

आपल्या तक्त्यातील तिसऱ्या पक्ष्याचे, कोतवालाचे, उदाहरण करून पाहू. मथळ्याची ओळ २० ठिपके उंच आहे. पक्ष्यांच्या ओळी प्रत्येकी ८० ठिपके. नावाचा रकाना १५० ठिपके रुंद, चित्राचा रकाना १००. छायाचित्र ६४० रुंद आणि ४८० उंच.

पहिली पायरी, आकार. चारही बाजूंनी ५ ठिपके मोकळे ठेवले तर चित्रासाठी ९० बाय ७० जागा उरते. रुंदीसाठी ६४० भागिले ९० म्हणजे ७.११ पट लहान करावे लागेल. उंचीसाठी ४८० भागिले ७० म्हणजे ६.८६ पट. यांतला मोठा भाजक, ७.११, घ्यायचा, म्हणजे चित्र दोन्हीकडून मावेल. रुंदी ९० आणि उंची ६७.५. दोन्हींना वेगवेगळे भाजक लावले, तर कोतवाल लठ्ठ किंवा लुकडा दिसेल!

दुसरी पायरी, जागा. डावीकडून १५० अधिक ५ म्हणजे १५५ ठिपके. वरून मथळ्याचे २० आणि आधीच्या दोन पक्ष्यांचे १६०, एकूण १८०. घराची उंची ८०, चित्राची ६७.५, उरले १२.५, त्याचा निम्मा ६.२५ वर सोडायचा. म्हणजे वरून १८६.२५.

तिसरी पायरी, पॉइंट. प्रत्येकाची पाऊणपट करायची. डावीकडून ११६.२५, वरून सुमारे १३९.६९, रुंदी ६७.५ आणि उंची सुमारे ५०.६३.

चौथी पायरी, नाते सांगायचे: घराबरोबर सरकावे आणि बदलावे. ही पायरी पुष्कळ जण विसरतात. शेवटी हेच सारे प्रत्येक ओळीसाठी पुन्हा करायचे. प्रत्येक वेळी वरचे अंतर ८० ने वाढेल. ही अंकगणिती श्रेढीच आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी ओळींची उंची आणि रकान्यांची रुंदी ठरवावी, मग चित्रे घालावीत. जुळारीसुद्धा पानाचे माप ठरवल्याशिवाय ठसा ठेवत नसे. आणि चित्राशी फक्त दुवा ठेवला, तर तक्ता पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडताच चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील. म्हणून शाळेच्या कामात चित्र फाइलमध्ये साठवणेच बरे.

फाइलच्या पोटात

२००७ च्या आवृत्तीपासून एक्सेलच्या फाइलची रचना बदलली. ती रचना २००६ मध्ये एक्मा या संस्थेने आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. त्याआधी फाइलमध्ये काय आहे हे बाहेरच्याला वाचता येत नसे. आता ती म्हणजे एक झिप गाठोडे आहे. फाइलची प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटी 'झिप' लिहिले आणि उघडले, की आत 'मीडिया' नावाच्या कप्प्यात चित्रे आणि 'ड्रॉइंग्ज' या कप्प्यात त्यांच्या जागा साध्या मजकुरात लिहिलेल्या दिसतात. तक्ता एका कप्प्यात, चित्रे दुसऱ्यात, आणि दोघांना जोडणारे पत्ते तिसऱ्यात! पारदर्शक कागदाची आपली कल्पना येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

कोतवालाच्या चित्राचा पत्ता तेथे असा असेल: रकाना १, ओळ ३, रकान्याच्या कडेपासून ४७६२५, ओळीच्या कडेपासून ५९५३१. मोजणी शून्यापासून असल्याने दुसरा रकाना म्हणजे १ आणि चौथी ओळ म्हणजे ३. ५ ठिपके गुणिले ९५२५ म्हणजे ४७६२५, आणि ६.२५ गुणिले ९५२५ म्हणजे सुमारे ५९५३१. ही रचना खुली झाल्यामुळे एक्सेल नसतानाही अशी फाइल तयार करता येऊ लागली. पायथन भाषेतील विनामूल्य साधनांनी हेच काम काही ओळींत होते, आणि तेथे वरून किती अंतर हे न सांगता 'या घरात, कडेपासून इतके आत' असे सांगता येते. लिब्रेऑफिस या विनामूल्य प्रणालीतही चित्र घराला बांधायचे की पानाला, हे निवडता येते.

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून राज्यातल्या असंख्य शिक्षकांनी तक्ता वापरायला शिकून घेतले. त्यांनी शिकलेली बेरीज-सरासरीची सूत्रे आजही तशीच आहेत. चित्राच्या बाबतीत मात्र अलीकडे मोठा बदल झाला. २०२२-२३ च्या सुमारास एक्सेलच्या नव्या आवृत्तीत चित्र खरोखरच घरात ठेवण्याची सोय आली. आता चित्र हे आकड्याप्रमाणे घराचे मूल्य असते. क्रम बदला, गाळणी लावा, ओळ लपवा, ते आपल्या घरातच राहते. गूगलच्या तक्त्यातही अशी सोय आहे. म्हणजे शिळेच्या वाटेने तीन दशके चालल्यावर संगणक खिळ्याच्या वाटेकडे वळला! अर्थात तोटाही खिळ्याचाच. घराएवढेच चित्र, त्याच्या रेषेबाहेर पाऊल नाही. आणि जुन्या आवृत्तीत फाइल उघडली, तर हे चित्र दिसेलच असे नाही. बहुसंख्य शाळांतले संगणक पाहता अंतरे मोजून चित्र बसवण्याची विद्या अजून बराच काळ उपयोगी पडेल.

वर्गात करून पाहावे

संगणक नसला तरी ही कल्पना शिकवता येते. वहीच्या चौकटीच्या कागदावर चार ओळींचा तक्ता काढावा आणि ओळी कापून सुट्या कराव्यात. त्या क्रमाने मांडून वर एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवावा आणि त्यावर प्रत्येक ओळीसमोर चित्र काढावे. आता खालच्या ओळींचा क्रम बदलावा. चित्रे का चुकली हे मुले स्वतःच सांगतील. मग चित्रे कापून ओळींवर टाचणीने टोचावीत आणि पुन्हा क्रम बदलावा. एक टाचणी आणि दोन टाचण्या यांत काय फरक पडतो, हेही विचारावे.

संगणक असेल तर आणखी दोन सवयी लावाव्यात. एक, चित्राच्या फाइलचे नाव पक्ष्याच्या किंवा हजेरी क्रमांकाच्या नावाने ठेवून तेच नाव तक्त्याच्या एका रकान्यातही लिहावे. मग चित्रे विस्कटली तरी आज्ञावली ती पुन्हा बरोबर लावू शकते. दोन, प्रत्येक चित्राला त्याचे वर्णन जोडावे. तशी सोय असते आणि दृष्टिहीन वाचकाचा संगणक ते वर्णन वाचून दाखवतो. 'काळा पक्षी, लांब दुभंगलेली शेपटी, तारेवर बसलेला' एवढे शब्द जोडलेले असले, तर चित्र ओळीपासून सुटले तरी ते कोतवालाचेच आहे हे कोणालाही कळेल.

तक्त्यातला आकडा स्वतःविषयी काही सांगत नाही. तो कशाचा आहे हे त्याच्या घरावरून कळते. म्हणूनच तक्ता करणाऱ्याची पहिली जबाबदारी आकडा योग्य घरात ठेवण्याची असते. चित्राची गोष्ट वेगळी वाटते, कारण ते स्वतःच बोलते असा आपला समज असतो. पण नावासमोर चुकीचा चेहरा लागला, की तेही खोटेच बोलते आणि आकड्यापेक्षा अधिक ठामपणे बोलते. चित्र घालण्याची आज्ञा देण्याआधी 'हे चित्र कोणत्या ओळीचे?' एवढा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर बाकीची मापे गणिताच्या तासाला आपोआप जमतील.